बरकत, दो, तीन

शेषरावांच्या मळ्यातली मिरची एवढी तिखट, की तिचं पोतं बडनेऱ्याच्या फलाटावर ठेवलं आणि सिग्नल आपोआप लाल झाला. गाडी पाऊण तास उभी. हे त्यांनी अकोल्याच्या भाजीबाजारात कमीत कमी चारशे वेळा सांगितलं असेल, आणि चारशेच्या चारशे वेळा शेजारच्या ओट्यावरून अब्दुल गफ्फारनं एकच शब्द फेकला असेल: "झूठा!" तो शब्द पडल्याशिवाय शेषरावांना गोष्ट संपल्यासारखी वाटत नसे.

दोघांचे ओटे तीस वर्षं लागून. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मोजायची रीतही दोघांची एकच, की पहिल्या जुडीला 'एक' म्हणायचं नाही. शेषराव म्हणत, "लाभ, दोन, तीन." गफ्फारभाई म्हणत, "बरकत, दो, तीन." 'एक' म्हटलं की माल एकटा पडतो, अशी दोघांचीही पक्की समजूत.

दोन वर्षांमागं गफ्फारभाईंना लकव्यानं गाठलं. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मागं राहिली ती मोजणी. एकदा तोंडातून 'बरकत' निघालं की ती उतारावरच्या हातगाडीसारखी थेट वीसपर्यंत धावायची. मध्ये तिला कोणी धरू शकत नव्हतं, खुद्द गफ्फारभाईही नाही. डॉक्टर म्हणाले, ही जिभेची सवय आहे, याला बोलणं म्हणू नका.

ओटा सोडून अमरावतीला मुलाकडं राहायला गेलेले शेषराव दर रविवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला जाऊ लागले, आणि दर वेळी मागच्याहून मोठं खोटं सोबत नेऊ लागले. वांग्यात विंचवाचं कुटुंब सापडलं, त्यांच्या घरच्या लग्नाला जाऊन आलो, इथपर्यंत मजल गेली. गफ्फारभाई ऐकत. डोळे हसत, ओठ थरथरत. पण 'झूठा' काही बाहेर येईना.

मग गफ्फारभाईंच्या नातीनं, रुबीनानं, कॉलेजातून एक खेळ आणला. कागदावर आपला एक माणूस लिहायचा. त्याची ताकद, चपळाई, अक्कल आकड्यांत मांडायची, आणि वीस बाजूंचा फासा टाकत त्याला लढवायचं. शेषरावांनी ढेमसेराव पहलवान लिहिला आणि सगळ्या रकान्यांत वीस भरले.

"आबाजी, सगळीकडं वीस नाही चालत," रुबीना म्हणाली.

"काहून? माणूस माह्या घरचा हाये."

गफ्फारभाईंसाठी त्यांनीच जादूगार ठरवला. नाव ठेवलं सांबारशहा. तिथंच पहिली अडचण आली.

"खेळाच्या पुस्तकात लिहिलं हाये जी, जादूगार बोलला नाही त मंत्र लागत नाही," रुबीना म्हणाली.

"मंग माह्या दोस्तानं काय करावं? भाजी निवडावी?"

रुबीनानं पेन्सिल चावली आणि नियम बदलला. दादांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, मोजावं. जिथवर मोजतील, तेवढा मंत्राचा जोर.

पहिल्याच लढाईत अंजनगाव सुर्जीच्या बाजारात दोन चोर अडवायचे होते. गफ्फारभाईंनी "बरकत" म्हटलं आणि मोजणी सुटली ती वीसवर जाऊन थांबली. दोन चोर, अख्खा बाजार आणि ढेमसेरावांच्या मिशा, सगळं जळून खाक. रुबीनानं वहीत लिहिलं: पाचाच्या वर मोजणी धरायची नाही. मग शेषराव दोस्ताच्या वतीनं बोलू लागले. "सांबारशहा पहलवानाच्या पाया पडून ऱ्हायला," असं त्यांनी जाहीर केल्याबरोबर गफ्फारभाईंचा डावा हात टेबलावर एवढ्या जोरात आपटला की चहा सांडला. वहीत आणखी एक नियम चढला: डाव्या हाताची थाप म्हणजे नाही.

असे तीन महिने गेले. थापा झाल्या, मोजण्या झाल्या. शब्द नाही.

त्या रविवारी गाठ पडली चिखलदऱ्याच्या अस्वलाशी. हे अस्वल कॉफीच्या मळ्यात वाढलेलं, जन्मापासून कॉफीची फळं खाऊन जागं, म्हणून झोपेचा मंत्र त्याला लागेना. ढेमसेरावांचं हत्यार म्हणजे तागडी, ती तिसऱ्या वारात मोडली. अस्वलाच्या पंजानं सांबारशहाचे कागदावर उरलेले चार जीव पुसले गेले. शून्य.

"आता एक शेवटचा फासा," रुबीना म्हणाली. "अकरा किंवा वर पडला त वाचले. त्याच्या खाली पडला त पडून राहतील, पण उपचार करता येतो. फक्त एक पडला त संपलं."

एवढं बोलून ती पुस्तकात अस्वलाचं पान शोधायला वाकली. गफ्फारभाईंनी डाव्या हातानं फासा टाकला. तो घरंगळत शेषरावांच्या पुढ्यात आला, दोघांच्याही डोळ्यांसमोर थांबला. शेषरावांनी झटकन त्यावर पंजा ठेवला.

"वीस! रुबीना, वीस पडले! सांबारशहा उठला, अस्वलाच्या पाठीवर बसला, आन् निघाला मोझरीले!"

आणि ते गफ्फारभाईंकडं बघत राहिले. म्हण ना बापा. म्हण.

गफ्फारभाईंची मान हलली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. नजर शेषरावांच्या पंजावर.

"बरकत," ते म्हणाले.

आता 'दो' येणार. पण आला नाही. ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम आला, गळ्याची शीर तटतटली, जणू आतून कोणी हातगाडीचं चाक दाबून धरलंय.

"थांबला!" शेषराव ओरडले. "आयकलं का? मी वीस म्हणलो, तो एक म्हणला! मले झूठा म्हणला!"

रुबीनानं त्यांचा पंजा उचलला. खाली एक होता.

"मंग सांबारशहा गेला, आबाजी."

"बदल ना नियम."

ती खरंच खोडरबर शोधू लागली. डावी थाप पडली. तिनं दादांकडं पाहिलं, मग आबाजींकडं.

"धरू की नको धरू?"

एक धरला तर माणूस मरतो. नाही धरला तर दोन वर्षांत दोस्ताच्या तोंडून आलेला एकुलता एक शब्द खोटा पडतो. आयुष्यभर कोणत्याही कचाट्यातून थाप मारून सुटलेल्या माणसाला एकही थाप सुचली नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि सांबारशहाच्या नावावर आडवी रेघ ओढली. गफ्फारभाई रेघ पूर्ण होईपर्यंत बघत राहिले. हात टेबलावर शांत पडून होता.

"चारची एसटी धरतो," शेषराव कसंबसं म्हणाले. "डॉक्टरले सांगजो, गफ्फारभाई बोलला म्हणून."

दारात त्यांनी एक चप्पल पायात घातली, आणि आतून आवाज आला.

"दो. तीन. चार."

"दादा, थांबा ना," रुबीना म्हणत होती. "दादा."

"पाँच. छह."

शेषराव एक पाय चपलेत, एक फरशीवर, तसेच उभे राहिले. आत अडलेली मोजणी पुन्हा उताराला लागली होती, आणि वीस अजून बरेच लांब होते.