फुगडीचा भार

जुळे सोलापुरात नातीच्या हळदीला पोरींनी आजी-आजोबांना नाचायला ओढलं. बजाबाईला हात धरून नाचायचा एकच प्रकार ठाऊक, फुगडी! पण जोतीराम खांबासारखा ताठ. या माणसानं उभ्या जन्मात कुणावर भार टाकला नव्हता.

"आवं, मागं रेला की! असं ताठ ऱ्हायलात तर दोगंबी पडू."

"तुज्या गुडग्याचं आपरेशन झालंय."

"गुडग्याचं मी बगते. तुमी भार टाका."

त्यानं डोळे मिटून अंग मागं टाकलं. मांडव गरगरला, बांगड्या वाजल्या, पोरींनी शिट्ट्या मारल्या.

फुगडी थांबली, तरी जोतीरामनं हात सोडले नाहीत.

"चक्कर येतीया," तो म्हणाला.

चक्कर कसली नि काय! पन्नास वर्षांत याला धड खोटंही बोलता आलं नव्हतं. बजाबाईनं हात आणखी घट्ट धरले.