मालकाची बायको सुट्टीवर

शेडचं दार आतून लागलं आणि लिंबांच्या बागेचे मालक असलेले काका आपल्याच शेडबाहेर उभे राहिले.

लांबच्या दुकानांना आता नुसती लिंबं चालत नव्हती. माती, पाणी आणि राबणारी माणसं नीट सांभाळली जातात, असं सर्टिफिकेट असेल तरच ती माल घेणार होती. काकांनी फवारणीची औषधं कुलपात ठेवली, हात धुवायला नळ बसवला, तक्रारपेटीसुद्धा टांगली. तपासणीला आलेल्या मुलीने सगळं पाहून मान डोलावली आणि म्हणाली, "आता एकेका कामगाराशी वेगळं बोलते. काकूंपासून सुरुवात करू."

"अहो, ती माझी बायको आहे!"

"बागेत काम करतात ना? मग तुम्ही बाहेर थांबा, काका."

काका येरझाऱ्या घालू लागले. क्रेट फुटलं तेव्हा आपण हिच्यावर किती ओरडलो होतो! ऐन तोडणीत हिच्या भाचीचं लग्न आलं, तेव्हा हिला जाऊ दिलं नव्हतं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला आणि काकांनी दाराला कान लावला.

मुलगी बाहेर आली ती सगळ्यांशी बोलून झाल्यावर. "सगळं छान आहे, काका. एकच अडलंय. काकूंना आठवड्याची सुट्टी नाही. मी महिन्याने येते. तोवर सुरू झाली नाही, तर सर्टिफिकेट नाही."

ती गेल्यावर काका फणकारले, "सुट्टी घेऊन करणार काय गं तू?"

"ते मालकांनी विचारायचं नसतं," काकू म्हणाल्या.

रविवारी काकू झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. चहाची वेळ झाली तशी स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, साखर कुठंय?"

"मी सुट्टीवर आहे!"

"सुट्टी बागेची, स्वयंपाकघराची नव्हे!"

"मग पेटीत तक्रार टाका!"

चहा आला तो काळाकुट्ट आणि अगोड. काकूंच्या हातात कप ठेवून काका लगेच कामाला पळाले. पुढच्या रविवारीही तसंच. काकू मात्र कप रिकामा करूनच ठेवायच्या.

महिन्याने मुलगी आली. या वेळी काकांनी दार स्वतःच लोटून घेतलं. आत पुन्हा तेच हसणं.

"मिळालं सर्टिफिकेट," बाहेर येत ती म्हणाली. "फक्त पेटीत एक तक्रार आहे. ती मालकांनीच वाचायची."

काकांनी चिठ्ठी उघडली. अक्षर ओळखीचं होतं.

'चहा वाईट असतो. तरी चालेल. पण रविवारी मालकांनी शेजारी बसावं.'

काकांनी चिठ्ठी खिशात घातली आणि ते दुसरी खुर्ची शोधायला निघाले.