ओंजळीवर पडदा

हूक बोटांतून निसटून मशीनखाली गेला, आणि तो शोधायला वाकल्यावर अल्काला जरा बरं वाटलं — खालून मोबाइल दिसत नव्हता. हूक सापडला, तरी ती तशीच वाकून राहिली... वर, अर्धवट ब्लाउजशेजारी, पुण्याचा निरोप उघडाच होता. ‘अल्काताई, तुमची वस्ती मोलाचं काम करते आहे. फक्त एक नम्र विनंती —’ नम्र. सकाळपासून तो शब्द दातात अडकलेल्या कुसळासारखा.

विनंती एवढीच, की जातीबद्दलच्या पोस्टवर पडदा टाकावा. आधी नुसती सूचना दिसेल, ज्याला सोसवेल त्याने बोट लावून उघडावं. काही सदस्य अस्वस्थ होतात. नाहीतर संध्याकाळी ‘अंगण’ला, म्हणजे पुण्याच्या सर्व्हरला, नाइलाजाने ‘वस्ती’शी जोडणी तोडावी लागेल.

मोठ्या कंपनीच्या ॲपवर तिच्या दीक्षाभूमीच्या फोटोखाली ज्यांनी घाण ओकली ते अजून तिथे मजेत आहेत. खातं बंद झालं ते तिचं, उलटून बोलली म्हणून. मग ती आणि भाऊ बुद्धभूषण या दुसऱ्या जाळ्यावर आले. इथे म्हणे मालकच नाही — ज्याने त्याने आपला सर्व्हर लावावा, आपले नियम करावेत, आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात. मुर्री गावातल्या याच खोलीत, दोऱ्यांच्या रिळांवरच्या फळीवर, ‘वस्ती’ लागली. आसपासच्या गावांतली आपली माणसं आली, आधी दबकत, मग मोकळी. मालक नव्हता हे खरं. वेशी मात्र होत्या, आणि वेशीवर कोण उभं असतं ते काय सांगायचं.

पण अंगण म्हणजे नुसता गोड बोलण्याचा बाजार, असंही म्हणवत नव्हतं. पुण्याला नर्सिंगला गेलेल्या खुशबूला आडनाव ऐकून खोली नाकारली, तेव्हा अंगणातल्याच एका बाईंनी धावपळ करून घर मिळवून दिलं. उद्या दुसरी पोरगी जाईल, ती कोणाला हाक मारेल... एका पडद्याने काय जातं? चाव्या माझ्याकडे आहेत. कोणाच्याही पोस्टवर पडदा मी टाकू शकते, विचारायचीसुद्धा गरज नाही —

दुपारी देवाजी उंबऱ्यावर येऊन टेकले. ज्या पोस्टवरून निरोप आला ती त्यांचीच होती, फोनमध्ये बोलून लिहिलेली: ‘कामठ्याले धानाच्या रोवण्यावर गेलो. बाकीच्याईले पाण्याचा गिलास, मले ओंजळ. गिलास कमी पडले म्हणे. माया बापाच्या टायमापासून कमीच हायेत.’

“काकाजी, सकाळी पुण्याहून निरोप आला. तुमची पोस्ट झाका म्हणून राहिले.”

“काऊन? नागडी हाये का ते?”

तिला हसू आलं. “वाचून तरास होते म्हणे लोकाईले.”

“मी पिऊन जित्ता हावो, अन् त्याईले वाचून तरास होऊन राहिला. लय नाजूक लोक हायेत बा.” त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली. “मंग, झाकली?”

“नाही. तुमाले इचारून राहिली ना.”

“निरोप सकाळचा. इचारते आता.”

तिने सुई उचलली, ठेवली. सकाळपासून ती पडद्यावरची ओळ जुळवत होती — ‘जातीय अनुभव’, मग ‘संवेदनशील अनुभव’, मग नुसतं ‘एक अनुभव’. दर वेळी ओळ आणखी सुबक होत गेली होती आणि तिला तिचा अभिमानही वाटला होता. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

“तुमची पोस्ट हाये, तुमी सांगा.”

“मी तं सांगून मोकळा झालो, पोरी. चावी तुयापाशी हाये.” आवाजात राग नव्हता, रोवण्याच्या मजुरीबद्दल बोलावं तसा. “आधी हे सांग, तुले वाचून काय वाटलं?”

राग आला, असं ती म्हणणार होती. तोंडापर्यंत आलंही. पण पोस्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा तिने आधी स्क्रीनच्या वरच्या कडेला पाहिलं होतं — अंगणातलं कोण कोण आत्ता ऑनलाइन आहे, कोण हे वाचत असेल. आणि कानशिलं तापली होती ती गिलास लपवणाऱ्या घराच्या विचाराने नाही; लाजेने. काकाजींनी ओंजळ केली, प्यायले, आणि वर सगळ्यांना सांगितलं, म्हणून.

काकाजी वाट पाहत बसले, घाई नसलेल्या माणसासारखे. पुण्याची जोडणी तुटेल की राहील हे तिला एकदम फार लांबचं वाटू लागलं, नदीपलीकडच्या गावाइतकं. जवळ, अगदी जवळ, भलतंच काही उघडं पडलं होतं, आणि ते काकाजींच्या तोंडावर कसं म्हणायचं, याला तिच्याकडे एकही सुबक शब्द नव्हता.