साफ करायला नेलेल्या सात बंदुका

“अर्वो ओरडतोय तोवर भिऊ नकोस,” लेम्पी मला म्हणाली होती. “तो हो ला हो करायला लागला, की मात्र त्याच्याजवळ जाऊन बस.”

लेम्पी म्हणजे माझी सासू. ती वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होती आणि पर्लच्या वेळचं माझं पोट टेबलाला टेकत होतं. बाहेर अर्वो, म्हणजे सासरे, लाकडाच्या ढिगावर ओरडत होते. लाकूड ओलं होतं एवढंच कारण. मी हसले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायका नवऱ्याबद्दल अशी गुपितं सांगतातच, असं मला वाटलं. शिवाय मी मार्क्वेटला चार वर्षं कॉलेज केलेलं, त्यात एक वर्ष मानसशास्त्राचं. पीठ मळता मळता सांगितलेलं मी कशाला मनावर घेतेय?

पर्ल फेब्रुवारीत झाली. एप्रिलमध्ये लेम्पी गेली. दुकानातून आली, पिशवी खाली ठेवली आणि गेली.

आमचं घर सासऱ्यांच्याच आवारात होतं, त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर. पर्ल झाल्यापासून सगळे त्यांना पापा म्हणायला लागले होते. आमच्या फिनिश घरांत आजोबांना तेच म्हणतात. मला माझ्या खिडकीतून त्यांचा ओटा दिसायचा. ऑगस्टपर्यंत ते माझं कामच झालं होतं, पर्लला पाजायचं आणि खिडकीतून पाहायचं. पापा जेवायचे नाहीत. शनिवारचा सॉना, ती वाफेची अंघोळ, त्यांनी बंद केला. सप्टेंबरात ते ओट्यावर एकच बंदूक मांडीवर घेऊन तीन दिवस पुसत बसले. तीच बंदूक. तेच फडकं.

मी बंदुकीला भिणारी नाही. माझं पहिलं हरीण मी बारा वर्षांची असताना मारलंय, वडिलांच्या शेजारी मचाणावर बसून. पण ते फडकं मला बघवेना.

“कोर्टातून कागद मिळतो,” मी नवऱ्याला, वेडला, म्हणाले. “घरच्यांनी अर्ज करायचा. काही महिने बंदुका बाजूला ठेवतात, मग परत देतात.”

वेड जेवत होता. त्याने काटा खाली ठेवला. “माझ्या बापाच्या दारात तू शेरीफ उभा करणार?”

“शेरीफ नाही रे, जज्ज...”

“घ्यायला कोण येणार मग? जज्ज येणार?”

गॉर्डी लाहटी आमच्याकडेच बसला होता. पापांचा साठ वर्षांपासूनचा दोस्त, शिकारीचा सोबती. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हे बघ मार्लिस, पोरी. आज दुःखी माणसाची नेतात. उद्या चिडक्या माणसाची नेतील. परवा माझी. मी तर रोजच चिडलेला असतो, माझ्या बायकोला विचार.”

“गॉर्डी, मी मस्करी करत नाहीये.”

“मीपण नाही.” त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. “कागद नको. मी त्याच्या बंदुका साफ करायला नेतो.”

वेडने मान हलवली आणि मलाही समजलं. आमच्याकडे असंच करतात. कुणाची बायको गेली, कुणाची नोकरी गेली, कुणी फार प्यायला लागलं, तर एखादा दोस्त येतो आणि म्हणतो, बंदूक दे रे, साफ करून देतो. बंदूक स्वच्छ असते हे दोघांनाही ठाऊक असतं. का नेतोय हे कुणी विचारत नाही. वसंतात बर्फ वितळलं की बंदूक परत येते, वर एक बाटली.

ऑक्टोबरच्या शेवटी गॉर्डी आला. आम्ही तिघं पापांच्या स्वयंपाकघरात उभे होतो, दंगलीच्या तयारीत. वेडने तर पर्लला बाहेर नेऊ का असं मला डोळ्यांनीच विचारलं.

“अर्वो,” गॉर्डी म्हणाला, “तुझ्या त्या मोठीच्या नळीत गंज असेल. दे, साफ करतो.”

पापांनी कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “सगळ्याच ने.”

“सगळ्या?”

“सात आहेत. बापाचीपण ने. बरोबर आहे तुमचं.”

गॉर्डी गोंधळला. भांडण करायचं ठरवून आलेला माणूस दार उघडं सापडल्यावर गोंधळतो तसा. “शिकारीच्या हंगामाला तू काय करशील मग?”

“पंधरा तारखेसाठी वेडला घेऊन तू नदीवरच्या कॅम्पवर जा. मी इथं आपल्या चाळीस एकरांत मका टाकीन, हरणं बघीन. मला काय करायचंय मारून.”

सात बंदुका गॉर्डीच्या गाडीत गेल्या. वेडने दारातच मला मिठी मारली. “बघ. ना शेरीफ, ना जज्ज.” मला इतकं हलकं वाटलं की मी परत जाऊन पापांच्या गालाचा मुका घेतला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी खिडकीचा पडदा लावून झोपले.

लेम्पीचं म्हणणं मला तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद असतात आणि उजाडायच्या आत रान माणसांनी भरतं. आमच्या चाळीस एकरांच्या मागे एक मोडकं फाटक आहे. त्याच्यापलीकडे सरकारी जंगल, म्हणजे कुणीही यावं आणि बसावं. त्या सकाळी चाकोरीच्या कडेला परगावच्या नऊ गाड्या लागल्या होत्या. वेड आणि गॉर्डी आदल्या दिवशीच कॅम्पवर गेलेले, तिथे फोन लागत नाही. मी एकटी, पर्लला दात येत होते, आणि चारी बाजूंनी बार. लांबचा, जवळचा, मग शांतता, मग पुन्हा.

रानात वेडने झाडांना चार कॅमेरे बांधले होते. काही हललं की फोटो काढून फोनवर पाठवतात, कोपऱ्यात वेळ आणि थंडीचा आकडा. फोटो वेडच्या फोनवर येतात एवढंच पापांना माहीत होतं. माझ्याही फोनवर येतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी का सांगू?

सात बावन्नला एक मादी आणि पाडस.

आठ दहाला पापा. अंगात नारिंगी जाकीट, रानात माणसाला कुणी हरीण समजू नये म्हणून घालतात ते, हातात मक्याची बादली. मी पर्लला दाखवलं, “बघ, पापा!” तिने फोन चाटला.

आठ बाराला त्याच कॅमेऱ्यात पापा जाकीट काढून फांदीला टांगत होते. टोपीही. बादली झाडाखाली. थंडी अशी होती की बादलीभर पाणी तासात दगड झालं असतं. जाकिटाच्या आत त्यांचा तो जुना तपकिरी लोकरी कोट होता.

आठ एकोणिसाला दुसरा कॅमेरा, फाटकाजवळचा. मला आधी वाटलं, हरीण आलं. खरंच तसं वाटलं. झुडपांत काहीतरी तपकिरी, वाकलेलं, पाठीवर करडं. मी बोटांनी फोटो मोठा केला. ते करडं म्हणजे केस होते. तोंड सरकारी जंगलाकडे.

मी फोन धरून उभी राहिले आणि मला सगळं एकदम कळलं. आम्ही सात बंदुका कुलपात ठेवल्या होत्या. रानात त्या सकाळी सातशे होत्या. आणि हंगामात असं काही झालं की आमच्याकडे त्याला एकच नाव आहे, अपघात. पाद्री येतात, शेजारणी वाडगे भरून जेवण आणतात, कुणी कुजबुजत नाही. ज्याने चाप ओढला तो मात्र जन्मभर झोपत नाही.

वेडचा फोन लागला नाही. गॉर्डीची बायको आर्डिस हिला लावला.

“विसरला असेल गं,” ती म्हणाली. “चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तुम्ही शिकलेल्या मुली ना, प्रत्येक गोष्टीत...”

“आर्डिस, अंगातलं जाकीट काढून फांदीला टांगलंय त्यांनी. विसरले कसे?”

“गरम होत असेल.”

मग शेरीफच्या पोलीस कचेरीत लावला. फोन उचलणारी बाई चांगली होती. तिने शांतपणे ऐकलं. “ते शिकार करताहेत का?”

“नाही. बंदूक नाहीये त्यांच्याकडे.”

“मग नारिंगी घालायची सक्ती त्यांना नाही, मॅडम. तरी पाठवते मी कुणाला. पण आज सगळे बाहेर आहेत. चाळीस मिनिटं धरा.”

चाळीस मिनिटं. पर्लला घरात एकटी सोडता येत नव्हती. तिला घेऊन त्या रानात जाता येत नव्हतं. मी दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. घर एवढंसं, त्यात मी पिंजऱ्यातल्या कोल्ह्यासारखी. एक बार इतका जवळ झाला की खिडकी थरथरली, आणि माझ्या तोंडातून “नाही” असं निघालं, मोठ्याने. पर्ल रडायला लागली.

मग मी तिला तिच्या गाडीत बसायच्या छोट्या खुर्चीसकट पापांच्या गाडीत नेलं. किल्ली आतच होती, इथं कुणी काढत नाही. खुर्ची सीटवर नाही ठेवली. खाली, पायाशी, इंजिनाच्या लोखंडामागे कोंबली. वर वेडचं जुनं नारिंगी जाकीट टाकलं. त्या चाकोरीने मी गाडी इतकी जोरात कधी नेली नव्हती. फाटकापाशी थांबवली आणि हॉर्नवर हात दाबून धरला. उचललाच नाही.

पहिल्या सकाळी रानात कुणी साधं खोकतसुद्धा नाही. माणसं वर्षभर त्या एका सकाळची वाट बघतात, खिशातली नाणीसुद्धा काढून ठेवतात. मी तीन मैलांतली हरणं उधळून लावली.

झाडांतून नारिंगी ठिपके उठायला लागले. मचाणांवरून उतरले, झुडपांतून निघाले.

“ए बाई, डोकं फिरलंय का!”

“तो हॉर्न बंद कर आधी!”

“अडकलाय का हॉर्न? नवरा कुठंय हिचा?”

मी दाबूनच धरला. सगळ्या नळ्या खाली गेल्या आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली, मला तेवढंच हवं होतं. तेव्हा पापा दिसले. फाटकापलीकडे चाळीसेक पावलांवर, हेझलच्या झुडपात उभे, दोन्ही हात लोंबत सोडलेले. त्यांच्या आणि माझ्यामध्ये एक दाढीवाला माणूस होता, दक्षिणेकडून आलेला असावा, सगळे कपडे नवे कोरे. त्याने पापांकडे पाहिलं, आपल्या बंदुकीकडे पाहिलं आणि बर्फात मटकन खाली बसला.

मी हॉर्न सोडला.

“मला नुसतं तपकिरी दिसत होतं,” तो माझ्याकडे बघून म्हणत होता. “शिंगं शोधत होतो मी. दुर्बिणीतून शिंगं शोधत होतो. बोट चापावर होतं, बाई.”

पापा त्याच्याजवळ आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी काही चूक नाही,” म्हणाले. इतक्या मवाळपणे की मला लेम्पीचं म्हणणं आठवलं.

ते गाडीत बसले. मी विचारलं, “पापा, जाकीट कुठंय?”

“टांगलंय. गरम होत होतं.”

“मी पाहिलं तुम्हाला. कॅमेऱ्यात.”

त्यांनी बाहीने काच पुसली. “कॅमेरे हरणांसाठी बांधलेत, मार्लिस.”

तेवढ्यात त्यांच्या पायाशी जाकीट हललं. त्यांनी ते उचललं. खाली पर्ल, नाक लाल, मूठ तोंडात.

“हिला कशाला आणलीस!” ते ओरडले. “अक्कल आहे का तुला? गोळ्या चालल्यात चहूकडे आणि तू नऊ महिन्यांच्या पोरीला घेऊन... हेच शिकवलं का त्या कॉलेजात?” घर येईपर्यंत ते ओरडत होते. पर्लला त्यांनी खुर्चीसकट मांडीवर घेतलं होतं, तिच्यावर वाकून, आणि माझ्यावर ओरडत होते. मी गाडी चालवत होते आणि रडत होते. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शांत झाले. जाकीट विसरलो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. गावात माझं नाव हॉर्नवाली पडलं. अजून तेच आहे. वेडला मी फोटो दाखवले. त्याने ते नीट पाहिले, फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाला, “म्हातारा विसरला.” मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की मला कळलं, त्याला सगळं कळलंय. ते मोठ्याने बोलायची ताकद त्याच्यात नव्हती. डॉक्टरांकडे मी पापांना दोनदा नेलं. डॉक्टर जे म्हणाले त्याला पापा हो म्हणाले. कागदावर ‘सुधारणा’ असं लिहून आलं. वसंतात सातही बंदुका परत आल्या, बाटलीसकट.

ऑगस्टमध्ये वेडला कारखान्यात काम लागलं, इथून पापांचं घर गाडीने चार तास. आमच्याबरोबर चला, मी म्हणाले. “हो, बघू. बरोबर आहे तुझं.” ते आले नाहीत. सप्टेंबरात टपालाने खोका आला. आत चारही कॅमेरे, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर चिठ्ठी होती, पर्लला खेळायला.

आज नोव्हेंबरची बारा तारीख. दुसऱ्या खेपेचा आठवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी मला पलंगावरून उठू नको असं सांगितलंय. वेड सलग पाळ्या करतोय. गॉर्डीचं सप्टेंबरात कमरेचं ऑपरेशन झालं, तो मुलीकडे आहे. आर्डिस फोनवर म्हणते, “जगू दे गं त्याला.” पापा फोन उचलतात, हो म्हणतात, ठेवतात. कालपासून उचलतही नाहीत.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही हंगामासाठी आमच्या बाजूला जाणार असाल, तर पेट्रोल पंपानंतर डावीकडची कच्ची वाट घ्या. निळी टपालपेटी, त्यावर निस्कानेन असं नाव. कुत्रं भुंकतं, चावत नाही. दार वाजवून थांबू नका, आत जा. मार्लिसने पाठवलं म्हणून सांगा, शिव्या मला पडू देत. ते कॉफी विचारतील, घ्या. दुसराही कप मागा. पंधराला सकाळी ते कुठे असणार आहेत ते विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर त्यांना तुमच्याबरोबर घेऊन जा, तुमच्या मचाणावर, तुमच्या शेजारी बसवा. आणि मला फोन करा. कितीही वाजता करा, मी जागीच आहे.