दोन पिल्लांचा माग

आमच्या बिटररूटच्या डोंगरात बॉबकॅट, म्हणजे आखूड शेपटीचं रानमांजर, दिसायला नशीब लागतं. मला एक मादी वर्षभर दिसत होती. जुन्या लाकूड गिरणीमागच्या खडकांत तिनं दोन पिल्लं वाढवली. सशावर टपून बसली की तासभर मिशीसुद्धा हलवायची नाही. चालताना मागचा पाय नेमका पुढच्याच्या ठशात टाकायची. नवऱ्याला, ऑरिनला, मी यातलं काही सांगितलं नव्हतं; कातड्यांसाठी चाळीस वर्षं सापळे लावणारा माणूस तो.

पण माझी जीभ कुठं गप्प बसते! जानेवारीतल्या एका सकाळी कॉफी पिता पिता तो म्हणाला, "यंदा डोंगरात मांजर उरलंच नाही."

"डोळे गेलेत तुझे, म्हाताऱ्या," मी फणकारले. "ओढ्याजवळ हरीण मारलंय तिनं. वर बर्फ न् पाइनचा पाला ओढून झाकून ठेवलंय. रोज येते खायला."

तो कॉफी अर्धी सोडून उठला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी तो तिला खांद्यावर टाकून घरी आला. हरणाच्या अलीकडे, तिच्या वाटेवर, त्यानं दोऱ्याला रानकोंबडीचा पंख टांगला होता. बॉबकॅट शिकार करते ती नजरेनं. हलतं काही दिसलं की तिचे पाय वळतातच. पंखाखाली सापळा होता.

"आणि पिल्लं?" मी विचारलं.

"कसली पिल्लं?"

माझा चेहरा बघून तो खुर्चीत बसला. टोपीही काढली नाही. "हे नाही सांगितलंस, व्हर्ना."

नव्हतंच सांगितलं. बढाई तेवढी मारली. आठ-नऊ महिन्यांची पिल्लं, आईमागून अजून शिकार शिकत होती. सापळा त्याचा, पण तिला मारलं मी. आजही मला तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी दोघं ओढ्यावर गेलो. हरणाची हाडंच उरली होती. मी पिशवीतून ससा काढून फांदीला बांधायला लागले.

"टांगू नकोस," ऑरिन म्हणाला. "टांगलेलं काय करतं, ते पाहिलंय त्यांनी."

संधिवाताचे गुडघे टेकून तो बर्फात बसला. हातमोजे काढले आणि वाकड्या बोटांनी सशावर बर्फ ओढायला लागला, ती ओढायची तसा. "बघतेस काय? पाला आण."

दिवसाआड जात राहिलो. दोनदा ससा तसाच मिळाला. तिसऱ्या खेपेला बर्फ उकरलेला होता, ससा नव्हता. बर्फात एकाच पिल्लाच्या ठशांची ओळ होती. दुसरी मी चहूकडे शोधली.

ऑरिन ठशांवर बराच वेळ वाकून होता. "दोघं आहेत," तो म्हणाला. "मागचं पुढच्याच्या ठशात पाय टाकत गेलंय."

"नक्की?"

"चाळीस वर्षं माग वाचतोय मी."

एका ठशात दोघांचे पाय पडले की कडा मोडतात, हे लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानंच मला शिकवलं होतं. त्या ठशांच्या कडा शाबूत होत्या. मी मान डोलावली आणि त्याला उठायला हात दिला.