सीझन संपल्यावर

ग्रानफोर्समध्ये लग्नं, बारशी आणि गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी सगळी एप्रिलमध्ये उरकायची, अशी रीतच पडली होती. कारण गावचा आइस हॉकी संघ मार्चअखेरीस बाद फेरीत हरणार, ही काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर गावाला दुसरा उद्योग उरत नसे.

हेनिंग सेल्बेरीने या संघात सतरा सीझन काढले होते. वय सदतीस, नाक तीनदा मोडलेलं, पुढचे दोन दात खोटे. बचावपटू. गोल करणं हे आपलं काम नव्हे अशी त्याची ठाम समजूत होती आणि आकडेही तिला दुजोरा देत होते. साडेआठशे सामने खेळून झाले, पण गळ्यात एकही पदक नाही. वर्तमानपत्रं हे दरवर्षी न विसरता छापत.

इल्वा आणि तो अकरा वर्षं एकत्र राहत होते. घर झालं, कुत्रा झाला, लग्न तेवढं राहिलं. तीनदा तारीख ठरली आणि तीनदा मोडली. एकदा गुडघ्याची शस्त्रक्रिया आली, एकदा राष्ट्रीय संघाचं बोलावणं (तिथे तो बाकावर बसून परत आला), आणि एकदा स्वित्झर्लंडच्या एका क्लबाशी बोलणी, जी पुढे फिसकटली. दरवेळी तो म्हणे, "सीझन संपल्यावर बघू." इल्वा मैत्रिणींना सांगे, "मला सासू नाही, पण सवत आहे. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद, आणि स्वभावाने थंड."

म्हणून चौथी तारीख इल्वाच्या आईने, गुनवोरने, स्वतः ठरवली. एप्रिलचा शेवटचा शनिवार, दुपारी तीन.

"हेनिंग, तू जन्मात कधी एप्रिलमध्ये खेळलायस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

आणि त्या वर्षी संघ जिंकायला लागला. का, ते कुणालाच सांगता येईना. नवा गोलकीपर फिनलंडचा होता. इथे हरायचं असतं हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उपांत्यपूर्व फेरी गेली, उपांत्य गेली, सात सामन्यांच्या अंतिम फेरीत तीन-तीन अशी बरोबरी झाली, आणि सातवा, शेवटचा सामना ग्रानफोर्समध्येच, त्याच शनिवारी सव्वातीनला आला.

लग्नाच्या एकशे दहा पाहुण्यांपैकी एकशे सहा जणांनी सामन्याची तिकिटं काढली होती. पाद्रीणबाई बारब्रो हिने तर इल्वाला सरळ फोनच केला. "अगं, मी येणार नाही असं नाही. पण माझी जागा नवव्या रांगेत आहे. जरा समजून घे."

बारब्रोचा फोन आला त्या संध्याकाळी हेनिंग ताटातलं एल्क हरणाचं मटण नुसतं चिवडत बसला होता. समोर इल्वा, बाजूला गुनवोर.

"बोलून टाक," इल्वा म्हणाली.

"काय?"

"अकरा वर्षं बोलतोयस तेच."

त्याने मटणाचा आणखी एक तुकडा चिवडला. बोलला असता तर बहुधा कुत्र्यानेही घर सोडलं असतं.

"सामना पावणेसहाला संपतो," इल्वाच पुढे म्हणाली. "चर्च तिथून अर्ध्या किलोमीटरवर. सहा वाजता मी चर्चच्या दारात उभी असेन. सातपर्यंत थांबेन. सातवर एक मिनिट झालं की घरी जाऊन हा ड्रेस काढून ठेवेन. पाचवी तारीख मी मागणार नाही, हेनिंग. रागाने नाही म्हणत. दमले मी."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावर त्याच्याकडे दोन-तीन उपाय होते. दमण्यावर एकही नव्हता. त्याने नुसती मान डोलावली.

"आणि ही दाढी?" गुनवोरने तोंड घातलं.

"बाद फेरी संपेपर्यंत वस्तरा लावायचा नाही, गुनवोर. सगळेच पाळतात."

"फोटोत माझी लेक अस्वलाशी लग्न लावताना दिसेल."

"अस्वल वेळेवर आलं तरी पुरे," इल्वा म्हणाली आणि ताटं उचलून गेली.

शनिवारी पावणेसहाला सामना संपला नाही. दोन-दोन अशी बरोबरी. आता वीस-वीस मिनिटांचे जादा डाव, आणि पहिला गोल ज्याचा, त्याचं सुवर्णपदक. हेनिंगने वर घड्याळाकडे पाहिलं, मग नवव्या रांगेकडे. पांढऱ्या कॉलरवर संघाचा मफलर गुंडाळून बारब्रो एका हाताने मनगटावरचं घड्याळ दाखवत होती आणि दुसरी मूठ उगारून ओरडत होती. तिचंही मन ठरत नव्हतं.

पहिला जादा डाव कोरा गेला. साडेसहा वाजले. ड्रेसिंगरूममध्ये हेनिंगने इल्वाला सात फोन लावले. तिने एकही उचलला नाही.

प्रशिक्षक टॉरग्नी त्याच्याशेजारी येऊन बसला. "जायचं तर जा. कुणी काही बोलणार नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "खोटं कशाला सांगू, सगळे बोलतील. तू मेल्यावरसुद्धा बोलतील. तरी जा."

हेनिंगने स्केटची नाडी आवळली. यात मोठेपणा काही नव्हता. बाहेर सहा हजार माणसं, आत एकवीस दमलेले सोबती, त्यातला एक तर उलटी करून पुन्हा हेल्मेट चढवत होता. दोन दगडांवर पाय ठेवणारा शेवटी पाण्यातच पडतो हे त्याला कळत होतं, पण पाय ठेवून झाले होते. तो पुन्हा बर्फावर गेला.

सात वाजले ते त्याने पाहिलं. सातवर एक झालं तेही पाहिलं. तरी तो खेळत राहिला, कारण खेळाची रबरी चकती त्याच्याच कोपऱ्यात आली होती.

सात वाजून चार मिनिटांनी प्रतिस्पर्ध्यांच्या एका पोरगेल्या खेळाडूने लांबून एक मरतुकडा फटका मारला. चकती गोलच्या बाहेरच जाणार होती. वाटेत हेनिंगचा डावा स्केट आला. चकतीने वाट बदलली आणि ती सावकाश, अगदी सभ्यपणे, ग्रानफोर्सच्याच जाळीत शिरली.

गाव एवढं गप्प कधीच झालं नव्हतं. हेनिंग बर्फावर पालथा पडून राहिला. सुवर्णपदक गेलं होतं, इल्वा गेली होती, आणि दोन्ही अवघ्या चार मिनिटांत.

तेवढ्यात काचेवर कुणीतरी धडाधड थापा मारायला लागलं.

"हेनिंग!" बारब्रो ओरडत होती. "ऊठ लेका! आपल्याला उशीर झालाय!"

हस्तांदोलनाच्या रांगेत प्रतिस्पर्धी कर्णधार म्हणाला, "तुझंच लग्न ना आज? पळ की मग!" कुणीतरी गळ्यात रौप्यपदक अडकवलं. हेनिंगने स्केट काढून सपाता चढवल्या. चिलखत उतरवायला वेळ नव्हता. बाहेर गाड्यांची ही गर्दी, म्हणून पाद्रीणबाई आणि बचावपटू वितळत्या बर्फाच्या चिखलातून धावतच सुटले. बारब्रो साठीची होती, पण पुढे तीच होती. मागून एकशे सहा पाहुणे, आणि त्यांच्यामागे सगळं गाव. घरी जाऊन रडण्यापेक्षा लग्नाला गेलेलं बरं, असा सगळ्यांनी विचार केला असावा.

इकडे नवरा वेदीपाशी वाट बघत नाही, दोघं दारातूनच जोडीने आत जातात. म्हणजे ती तिथे नसेल तर पायऱ्यांवरूनच कळणार. साडेसात होत आले होते. शेवटच्या वळणावर हेनिंगला मान वर करायचा धीर होईना.

पायरीवर गुनवोर टोपी तिरकी करून रुमालात नाक शिंकरत बसली होती. दारात इल्वा उभी होती. पांढऱ्या ड्रेसवर जाड कोट, डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत ओघळलेलं, आणि छातीशी छोटा रेडिओ घट्ट धरलेला.

"इल्वा, सात वाजून गेले," त्याला धापेतून एवढंच सुचलं.

"माहितेय."

"आणि तो गोल माझ्याच—"

"डावा स्केट. मेल्या रेडिओवाल्याने चारदा सांगितलं."

"फोन का नाही उचललास?"

"कशाने उचलू? दोन्ही हातांत रेडिओ होता. एरियल आईने धरली होती."

"जादा डाव म्हणजे काय ते मला आज कळलं," गुनवोर रुमालातून म्हणाली. "भलतंच वाईट असतं ते!"

"पण तू सातला जाणार होतीस," हेनिंग म्हणाला.

इल्वाने रेडिओ आईच्या हातात दिला. "अकरा वर्षं, दर मार्चला, मी मनातल्या मनात म्हणायचे, हरू देत एकदाचे, घरी येऊ दे याला. कधी सांगितलं नाही तुला. आज सात वाजले, सातवर एक झालं, आणि मी इथे उभी राहून देवाला म्हणत होते, अजून संपवू नको, याला एकदा जिंकू दे."

हेनिंग तिच्याकडे बघतच राहिला. मग तो लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडता हसला. इल्वाने त्याच्या पॅड बांधलेल्या कोपरात हात अडकवला, आणि दोघं आत गेली.