दोन दिवस पाणी लावायचं नाही

माझ्या लग्नाच्या फोटोंत नवरी दिसत नाही, दोन सुजलेल्या पापण्या दिसतात. आदल्या दिवशी कुणीतरी हौसेनं माझ्या केसांना रंग लावला आणि सकाळी चेहरा पुरीसारखा फुगला. म्हणून मंचरला पार्लर टाकलं तेव्हाच ठरवलं, की टेस्ट केल्याशिवाय कुणाच्याही केसांना रंग लावायचा नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा एक टिपका लावायचा, दोन दिवस तिथं पाणी लागू द्यायचं नाही. खाज आली नाही, लाल झालं नाही, तर खुशाल रंग लावा. एवढी सोपी गोष्ट, पण बायका ऐकतील तर शपथ.

"नीलमताई, आमच्या कातडीला काय हुतंय? उनात राबलेली हाय ती," असं म्हणत त्या थेट खुर्चीत बसायच्या. मी उठवायचे. काही जणी फणकाऱ्यानं दुसऱ्या पार्लरला गेल्या, जाऊ देत. काही जणी टिपका लावून घ्यायच्या आणि घरी जाऊन लगेच भांड्यांना बसायच्या. शेवटी मी आवाज चढवून सांगायला लागले. भांडी नाही, धुणं नाही, कांदा निवडायचा नाही, घाम येईल असं काहीच करायचं नाही. घरच्यांना सांगा, नीलमताईनं बजावलंय, नाहीतर डोळे सुजतील.

सखूबाई अवसरी खुर्दच्या. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर काळा केस शोधून सापडायचा नाही. पिंपरी पेंढारला भाच्याचं लग्न होतं आणि माहेरच्या माणसांत त्यांना काळ्या केसांनी मिरवायचं होतं. इतकी शहाण्यासारखी ऐकणारी बाई मी पाहिली नव्हती. टिपका लावून घेतला आणि तान्हं मूल न्यावं तसा तो हात जपत त्या घरी गेल्या.

दोन दिवसांनी त्या दुपारच्या आल्या. दुपारी माझ्या पार्लरात सगळंच मंद होतं. बाहेर कांद्याच्या गाड्या उभ्या असतात, त्यांची घरघर हिरव्या पडद्यातून आत येईपर्यंत मऊ होते. पंखा फिरतो, पडद्याचा हिरवा उजेड आरशात हलतो आणि माझेही डोळे जड होतात.

"खाज सुटली वो," सखूबाई म्हणाल्या आणि हात पुढं केला.

कोपरात लाल ओरखडा होता, पण तो नखाचा. बाकी कातडी स्वच्छ. मला असा राग आला. टेस्टची थट्टा मी कुणाला करू देत नाही.

"मावशी, हे तुम्ही खाजवलंय."

त्यांनी पदर कोपरावर ओढला. खुर्चीत मागं टेकल्या आणि आरशात भलतीकडंच बघत बोलायला लागल्या.

"पयल्या दिशी हातांचं काय करावं तेच कळंना. मांडीखाली घालून बसले. मंग सून म्हणली, जावा, पडा जरा. लिंबाखाली बाज टाकली. नीलमताई, दुपारची गल्ली कशी असती, मला म्हाईतच नव्हतं. समदं गप. म्हस कान हलवती तेवडाच आवाज. सावली पायावरनं पोटावर आली, मंग डोळ्यावर आली, आन मला सपान पडलं. मी माह्यारच्या शेतातल्या पाटावर उभी, वेणी कमरंच्या खाली, काळी. कुणीतरी मागनं ती सोडवतंय, हळूहळू. आन ती सरतच न्हाई. सुटती, सुटती, पार पाटाच्या पाण्यात जाती."

"मग?"

"मंग काय न्हाई. कुणी हाक मारली न्हाई." त्यांनी ओरखड्यावरनं बोट फिरवलं. "दिवसा बी सपान पडतं व्हय? लगीन झाल्यापासनं मी दिवसा कदी डोळाच मिटला न्हाई."

मी डोळे मिटून ऐकत होते, हे मला नंतर कळलं. राग कुठं गेला कोण जाणे. मी त्यांच्या दुसऱ्या हाताला टिपका लावला. रंगाचा नव्हे, साध्या क्रीमचा. अजून दोन दिवस बघू, म्हणाले. कातडीच्या बाबतीत मी पहिल्यांदाच खोटं बोलले आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही.

मग हे चालूच राहिलं. भाच्याचं लग्न पांढऱ्या केसांनीच पार पडलं, त्याचं त्यांना काही नव्हतं. दर आठवड्याला त्या टिपका न्यायच्या आणि स्वप्न आणायच्या. पाटाचं पाणी उलटं डोंगराकडं चाललंय. लेण्याद्रीच्या पायऱ्या मऊ झाल्यात, पाय रुततात. कांद्याच्या ढिगावर चांदणं साचलंय आणि सखूबाई त्यात पोहतायत. संध्याकाळी मी घरी जायचे ती अर्धी त्यातच असायचे. नवऱ्यानं, बंटीनं, एकदा मीठ मागितलं तर मी त्याला साखर दिली.

आणि एका दुपारी सखूबाईंच्या जागी त्यांची सून आली, हर्षाली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"सासूबाईंच्या हाताला आजून किती दिस टिपके लावनार हाये, ताई?"

"त्यांची कातडी नाजूक आहे," मी म्हणाले. "नक्की कळत नाही अजून."

"त्या झोपल्या व्हत्या तवा मी बघितलाय त्यो हात. कायबी झालेलं न्हाई."

तिच्या हातांकडं लक्ष गेलं. बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली, नखांत कांद्याचा लाल पापुद्रा. सखूबाई लिंबाखाली असताना भांडी कोण घासतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझा एकेक टिपका हिच्या अंगावर पडला होता. मला मनापासून लाज वाटली.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"न्हाई." ती खाली बघत म्हणाली. "झोपंत हसत्यात वो त्या. जागंपणी मी त्यास्नी कदी हसताना बघितलं न्हाई. कसं सांगायचं?"

"मग आज का आलीस?"

तिनं चप्पल काढली. आत येऊन खुर्चीत बसली, बाही वर सारली आणि हात पुढं केला.

"मला बी लावा. पन त्यांच्याच दिशी नको. त्यांचं झालं की मंग माजं. न्हाईतर भाकरी कोन थापंल?"

तिचे केस काळेभोर होते. "अगं, घरी टेस्ट कशाची म्हणून सांगणार?"

"तुमीच सांगा कायतरी. तुमचं ऐकत्यात समदी."

मी क्रीमची डबी शोधायला वळले. "दोन दिवस पाण्यात हात घालायचा नाही," मी म्हणाले. "कुणी हाक मारली तरी उठायचं नाही." डबी घेऊन मागं फिरले तर टिपका लावायच्या आधीच ती झोपली होती.